पट्टीतला ओलावा
(लातूर येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रांनो, तुमच्यातले बरेच जण शेतकऱ्यांच्या घरातले आहेत, म्हणून मोंढ्यापासूनच सुरुवात करतो. सोयाबीन काट्यावर चढतं, ओलावा बघितला जातो आणि अडत्या शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी ठेवतो. एका अडत दुकानासाठी ही पट्टी काढणारा प्रोग्रॅम मी कॉमन लिस्प ह्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला होता. ओलावा 12 टक्क्यांच्या वर जितका जाईल, तितके टक्के वजन कापायचं, अशी त्या दुकानाची रीत. फंक्शनकडे तीन गोष्टी जायच्या: वजन, भाव आणि ओलावा. हंगाम सुरू होऊन तिसऱ्या दिवशी मुनीम म्हणाले, "सर, ह्या 14 ओलाव्याच्या मालाला कपात लागलीच नाही की." माल 40 क्विंटल. 80 किलो कापायला हवे होते, कापलं शून्य.

फंक्शन उघडलं. ओलावा आत येत होता, पण सूत्रात कुठंच नव्हता. कोड आवरताना ती ओळ माझ्या हातून गळाली होती. आणि एसबीसीएल ह्या लिस्प-प्रणालीचा कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा भाग, हे मला दर वेळी सांगत होता: 'ओलावा' हे व्हेरिएबल घेतलंय, पण वापरलेलं नाही. मी ते वाचलं नाही, कारण त्याच्या आजूबाजूला शंभरावर नोट्स, म्हणजे कंपायलरच्या बारीकसारीक सूचना, पसरलेल्या होत्या.

त्या नोट्स आल्या कुठून, ते सांगतो. फाइलच्या डोक्यावर मी 'स्पीड 3' लिहून ठेवलं होतं. वेग हवा म्हटलं की एसबीसीएल प्रत्येक बेरीज-गुणाकारापाशी थांबून सांगतो, की हा आकडा फिक्सनम, म्हणजे छोटा पूर्णांक, आहे याची खात्री नाही, किंवा इथं फ्लोटचा, म्हणजे दशांशातल्या आकड्याचा, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) करावा लागतोय, अंदाजी खर्च 13. माहिती खरी आणि उपयोगाची, पण पट्टी काढायला एक सेकंद लागला काय नि अर्धा लागला काय! वेगाची मागणी ज्या एका फंक्शनला खरंच गरज आहे त्याच्या आतच लिहावी. मी ती ओळ वरून काढली आणि नोट्स जवळजवळ संपल्या.

थेट एरर सोडली, तर कंपायलरचं बोलणं तीन पातळ्यांचं असतं. वॉर्निंग आली, म्हणजे काहीतरी मोडलेलं असण्याची दाट शक्यता. न सापडणारं व्हेरिएबल याच पातळीवर येतं. अशा वेळी ईमॅक्स ह्या एडिटरमधलं, लिस्पसाठीचं स्लाइम विचारतं, की कंपाइल फसलंय, तरी लोड करू का? सवयीनं 'वाय' दाबू नका. त्याखाली स्टाइल-वॉर्निंग, आणि सगळ्यात खाली नोट. माझा ओलावा मधल्या पातळीवर होता. तिथं स्लाइम काही विचारत नाही, फाइल मुकाट्यानं लोड होते. म्हणून माझ्या मते सगळ्यात जपून वाचायची ती स्टाइल-वॉर्निंगच.

माझा नियम कडक आहे: कंट्रोल-सी कंट्रोल-के दाबून फाइल कंपाइल केली की सूचनांची यादी रिकामी दिसली पाहिजे. काही आलंच, तर मेटा-एन दाबत एकेका जागी जायचं आणि तिथल्या तिथं निकाल लावायचा. व्हेरिएबल खरोखरच नको असेल, तर 'इग्नोर' असं कोडमध्ये लिहून टाकायचं. मग उद्या वाचणाऱ्यालाही कळतं, की हे विसरलेलं नाही, ठरवून सोडलेलं आहे. नोट नको असेल, तर ती गप्प करणारं 'मफल-कंडिशन्स' तेवढ्या फंक्शनपुरतं लावा. सगळ्या नोट्स एकदम गप्प करण्याचा मोह मात्र आवरा. 'इथपर्यंत कोड कधी पोचणारच नाही म्हणून काढून टाकतोय' हेही एसबीसीएल नोट म्हणूनच सांगतो, आणि बऱ्याचदा तीच नोट तुमची उलटी लिहिलेली अट पकडून देते.

आता एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. लिस्पची इमेज, म्हणजे मेमरीत चालू असलेलं सगळं लिस्प, दिवसभर जिवंत असते, त्यामुळे सूचना फाइलमध्ये काय आहे यावर जशा ठरतात, तशाच इमेजमध्ये काय उरलंय यावरही ठरतात. 'कपात' फंक्शनचं नाव मी बदलून 'ओलावा-कपात' केलं. एका ठिकाणी जुनंच नाव राहून गेलं. पण जुनं फंक्शन इमेजमध्ये होतंच, मग कंपायलर तक्रार करणार कशाची? माझ्या लॅपटॉपवर पट्ट्या बरोबर निघत होत्या. सकाळी दुकानातल्या कॉम्प्युटरवर लिस्प नव्यानं सुरू झालं आणि पहिल्याच पट्टीला 'कपात नावाचं फंक्शन नाही' म्हणून अडलं. बाहेर गाड्यांची रांग लागली होती. मुनीमांनी ती पट्टी हातानं लिहिली.

तेव्हापासून कोड दुकानात पाठवण्याआधी मी लिस्प पूर्ण बंद करतो, परत उघडतो आणि सगळ्या फाइल पहिल्यापासून कंपाइल करतो. न सापडलेल्या फंक्शनांची नावं एसबीसीएल शेवटी एकत्र देतो, तिथंच आधी बघतो. आता तेच ह्या पडद्यावर करून दाखवतो. 'कपात' हे जुनं नाव मी मुद्दाम एका ओळीत ठेवलंय.