परकराची नाडी आणि हार्मोनची गोळी

(पाळी जाण्याच्या वयातलं वजन आणि हार्मोनचे उपचार या विषयावर बेळगावात महिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आज इथं वजनकाटा आणलेला नाही, शिंप्याकडची टेप आणली आहे. पाळी जायच्या वयात काटा अर्धीच गोष्ट सांगतो. दोन वर्षांत वजन जेमतेम किलोभर वाढलेलं असतं, पण ब्लाउजची बाजूची शिवण दोनदा उसवून झालेली असते. मग बाई म्हणते, "खाणं तेवढंच आहे ओ, तरी अंग सुटलं." बहुतेक वेळा ती खरंच सांगत असते.

आपलं घरचं माप म्हणजे परकराची नाडी, आणि ती फसवते. पोट पुढं यायला लागलं की परकर आपोआप खाली सरकतो, आधी बेंबीखाली, मग ओटीपोटाखाली. तिथं हाडाचा आधार असतो, घेर फारसा बदलत नाही. नाडीची गाठ जुन्याच खुणेवर बसते आणि वाटतं, कंबर आहे तशीच आहे की!

म्हणून टेप. सकाळी, काही खाण्याआधी मोजा. परकर सैल करून खाली घ्या आणि पायांत वीतभर अंतर ठेवून ताठ उभ्या राहा. कुशीवर बोट फिरवून सगळ्यात खालची बरगडी शोधा, मग खाली कमरेच्या हाडाची वरची कड. या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप येऊ दे. ती पाठीमागं खाली घसरते, त्यामुळं सुनेला किंवा मुलीला बघायला सांगा, नाहीतर आरशासमोर उभ्या राहा. नेहमीसारखा श्वास सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढलंत तर मोजण्यात अर्थ नाही. टेप कातडीला टेकावी, रुतू नये. ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही आपल्याकडच्या बायकांची मर्यादा. त्यापुढं गेल्यावर साखर, बीपी आणि रक्तातली चरबी तपासून घ्यायची, वजन कितीही असो. महिन्यातून एकदा मोजलं की पुरे. रोज मोजलं तर निव्वळ चिडचिड होते.

आता हे का होतं? पाळी गेली असं आपण सलग १२ महिने ती आली नाही तरच म्हणतो. आपल्या देशात हे साधारण ४६-४७व्या वर्षी होतं, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. पण अंडाशयाचं कामकाज त्याआधी काही वर्षं डळमळीत झालेलं असतं. अंडाशयातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन भरपूर होतं तेव्हा शरीर चरबी मांड्यांवर आणि नितंबांवर साठवत होतं. ते कमी झालं की साठवणीची जागा बदलते. चरबी पोटात जाते, आणि नुसती कातडीखाली नाही, तर आतड्यांभोवती, यकृतापाशी. साखर आणि बीपी वाढवणारी चरबी ती हीच.

अमेरिकेत ‘स्वान’ नावाच्या अभ्यासात पाळी जायच्या काळातल्या हजारो बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. त्यातून दोन गोष्टी वेगळ्या काढता आल्या. वजनाचा आकडा वर्षाला अर्धा ते पाऊण किलो वाढतो, तो मुख्यतः वयामुळं. पुरुषांचंही या वयात वाढतंच, फक्त त्यांच्या पोटाला कोणी पाळीचं कारण देत नाही. दुसरी गोष्ट हार्मोनची. शेवटच्या पाळीआधी साधारण दोन वर्षं चरबी साठण्याचा वेग दुप्पट होतो आणि त्याच वेळी स्नायू कमी व्हायला लागतात. शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षांपर्यंत हे चालतं, मग थांबतं. चरबी आली आणि स्नायू गेले, तर काट्याला काय कळणार? बेरीज-वजाबाकीत आकडा जवळपास तोच राहतो.

अर्ध्या किलोचा सरळ हिशेब करू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. अर्ध्या किलोच्या ३,८५०. त्या ३६५ दिवसांत वाटल्या तर रोजच्या दहा-अकरा, म्हणजे चहातली अर्धा चमचा साखर. शरीर इतकं काटेकोर गणित करत नाही, हे खरं. पण "खाणं तेवढंच आहे" हे खरं असूनही वजन का वाढतं, ते यावरून लक्षात येईल. स्नायू घटले की बसल्याजागी खर्च होणारी ऊर्जाही थोडी घटते, आणि तेवढंच खाणं जास्तीचं ठरतं. त्यात झोप. रात्री दोनदा-तीनदा अंगातून वाफा येऊन घामानं उठलेली बाई दुसऱ्या दिवशी चार वाजता चहाबरोबर चिवड्याचा डबा काढते. झोप मोडली की भूक वाढते, तिथं मनाचा दुबळेपणा शोधू नका.

आता हार्मोनची गोळी. "ती घेतली की बाई फुगते," हे बेळगावपासून चंदगडपर्यंत सगळीकडं ऐकू येतं. गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायकांची नीट तुलना केलेले प्रयोग एकत्र करून पाहिले आहेत. गोळीमुळं वजन जास्त वाढतं असं त्यांत दिसलेलं नाही, इस्ट्रोजेन एकटं दिलं तरी आणि प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनबरोबर दिलं तरी. उलट बाजूही ऐका. वजन उतरवायचं म्हणूनही ही गोळी नाही. पोटाच्या चरबीवर थोडा बरा परिणाम दिसतो, पण औषध बंद केलं की तोही जातो.

मग बदनामी कुठून आली? ज्या वर्षी वजन वाढायचंच होतं, त्याच वर्षी गोळी सुरू होते. आणि पहिल्या काही आठवड्यांत अंगात पाणी धरतं, हे खोटं नाही. अंगठी घट्ट होते, संध्याकाळी पायावर मोज्याची खूण उमटते, छाती दुखरी होते. काटा आठवड्यात दोन किलो पुढं जातो. ती चरबी असायला एका आठवड्यात १५,४०० कॅलरी जास्तीच्या खायला लागतील, म्हणजे रोजच्या २,२००, आणि त्याही नेहमीच्या जेवणावर. लग्नघरातसुद्धा जमायचं नाही ते. पाणी झपाट्यानं येतं आणि जातं, चरबी महिन्यांनी मोजावी लागते. पाणी धरणं बहुतेकदा तीन महिन्यांत ओसरतं. नाही ओसरलं तर डॉक्टर डोस कमी करतात, प्रोजेस्टेरॉनचा प्रकार बदलतात किंवा गोळीऐवजी कातडीला लावायचं इस्ट्रोजेनचं जेल देतात. मनानंच गोळी सोडायची आणि पंधरा दिवसांनी परत सुरू करायची, हे मात्र करू नका. त्यात रक्तस्राव अनियमित होतो आणि मग तो कशामुळं झाला हे शोधत बसावं लागतं.

हार्मोन घ्यायचे ते अंगातल्या वाफा, रात्रीचा घाम, त्यामुळं मोडणारी झोप, योनीचा कोरडेपणा आणि हाडं यांसाठी. वय ६०च्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, तर निरोगी बाईला फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त असतो. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगाच्या बातमीनं जगभर घबराट झाली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, औषधं जुन्या पद्धतीची होती, आणि इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध) एकत्र घेणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाचे रुग्ण दर १०,००० बायकांमागं वर्षाला ८ जास्त आढळले. आकडा शून्य नाही, पण चव्हाट्यावर जो ऐकू येतो तोही नाही. ज्यांना स्तनाचा कर्करोग झालेला आहे, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला आहे, यकृताचा मोठा आजार आहे किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होतो आहे, त्यांनी ही गोळी घ्यायची नाही. त्यांच्यासाठी वाफांवर दुसरी औषधं आहेत.

गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर आतलं अस्तर जाड होत जातं आणि कर्करोगाचा धोका वाढतो. मायक्रोनाइज्ड, म्हणजे बारीक कणांचं, प्रोजेस्टेरॉन रोज रात्री १०० मिलिग्रॅम, किंवा महिन्यातले १२ ते १४ दिवस २०० मिलिग्रॅम, अशा पद्धती आहेत. त्यानं झोप येते, म्हणून रात्री अंथरुणावर जातानाच घ्यायचं. ज्यांची पिशवी काढली आहे, त्यांना एकटं इस्ट्रोजेन चालतं. आणि पिशवी काढलेल्या बायका आपल्या भागात थोड्या नाहीत. ऊसपट्ट्यात चाळिशीच्या आतच "कटकट नको" म्हणून ऑपरेशन उरकलेलं असतं. तुमचं झालं असेल तर डिस्चार्जचा कागद शोधा आणि त्यात अंडाशय काढलेत की ठेवलेत ते बघा. काढले असतील तर पाळी जाणं त्याच दिवशी झालं, एका झटक्यात, आणि अशा बाईनं हार्मोनबद्दल विचारायला पन्नाशीची वाट बघू नये.

जेलबद्दल थोडं सविस्तर, कारण ते चुकीचं लावलं जातं. त्वचेतून जाणारं इस्ट्रोजेन यकृतातून आधी जात नाही, त्यामुळं गोळीसारखा रक्ताच्या गुठळीचा धोका वाढत नाही. वजन जास्त असलेल्या किंवा बीपी असलेल्या बाईला म्हणूनच सहसा जेल सुचवतात. ०.०६ टक्क्यांच्या जेलचा २.५ ग्रॅमचा डोस म्हणजे १.५ मिलिग्रॅम एस्ट्रॅडिऑल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार. काहींना त्याच्या निम्मंच पुरतं. बरोबर मापाची पट्टी किंवा पंप असतो, अंदाजानं बोटावर घ्यायचं नाही. आंघोळीनंतर कातडी कोरडी करून दंडाला बाहेरून किंवा मांडीला आतून पातळ पसरा, चोळू नका. छातीला कधीच लावायचं नाही. पाच मिनिटं वाळू द्या, तासभर धुऊ नका, हात मात्र लगेच साबणानं धुवा. आपल्याकडं आंघोळीआधी तेल लावायची सवय असते. तेलकट कातडीवर जेल नीट मुरत नाही, तेव्हा ती जागा तेलाविना ठेवा. आणि उघड्या दंडावर नातवाला झोपवू नका. जेल त्याच्या अंगाला लागलं तर लहान मुलात हार्मोनचे परिणाम दिसू शकतात.

आता पोटाकडं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे उपवास वाढवणं. सोमवार, गुरुवार, एकादशी, आणि वजन वाढलं म्हणून आणखी एक. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. स्नायू आधीच चाललेत, त्यांना तुम्ही उपाशी ठेवता आणि चरबीला पिष्ट देता. ६० किलोच्या बाईला रोज साधारण ६० ग्रॅम प्रथिनं मिळावीत. आपलं ताट मोजून बघा: जोंधळ्याची भाकरी ५० ग्रॅम पिठाची असेल तर प्रत्येकी ५ ग्रॅम, वाटीभर भात ३-४, पातळ आमटी ३-४, चहातलं दूध, सकाळचे पोहे. दिवसाची बेरीज तीस-पस्तीसच्या पुढं जात नाही. उरलेलं कुठून आणायचं? दोन अंडी १२ ग्रॅम. मोठी वाटी दही ६. ३० ग्रॅम हुलग्यांत किंवा मटकीत ६-७, म्हणून हुलग्याचं माडगं पातळ न करता उसळ खा. शेंगाचटणीचा मोठा चमचा ४ ग्रॅम, पण त्यात ८५ कॅलरीही आहेत. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, आणि पाळी गेल्यावर रोजची गरज १,२०० मिलिग्रॅम. खानापूरकडच्या बायकांनी आंबील सोडू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं विचारूनच वाढवायची.

कमी काय करायचं? तेल. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज सुमारे २७० कॅलरी नुसत्या तेलातून येतात. आणि कंबर दुखते म्हणून डिंक-सुकामेव्याचं करदंट, हे सोडा. गोकाकचं करदंट चवीला खाऊ द्या, पण चाळीस-चाळीस ग्रॅमच्या दोन तुकड्यांत दोन भाकऱ्यांएवढी ऊर्जा आहे आणि डिंकानं हाडं भरत नाहीत. आपल्या बेळगावच्या मिठाईबद्दल, कुंद्याबद्दल, काही बोलत नाही, घरी जायचंय मला.

आपल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालणाऱ्या कितीतरी बायका म्हणतात, वर्षभर चालते आहे, पोट तसंच. चालणं हृदयासाठी आणि साखरेसाठी हवंच, आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं. पण चालण्यानं स्नायू फारसे वाढत नाहीत. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस ओझं हवं. हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, १० वेळा, दोन फेऱ्या. भिंतीला हात टेकून दंड, १०. पाण्यानं भरलेली लिटरची बाटली म्हणजे एक किलो, दोन्ही हातांत एकेक घेऊन खांद्यावर उचलणं, १०. बारा सहज व्हायला लागले की ओझं वाढवायचं. महिनोन्महिने तीच बाटली उचलत राहिलात तर स्नायूला वाढायचं कारण उरत नाही. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवा, उंची वाढली की दुखणं कमी होतं. उचलताना श्वास कोंडू नका, बीपी चढतं. हे सगळं घरात होतं, त्यामुळं जून ते सप्टेंबर जांबोटीच्या पावसालाही दोष देता येणार नाही.

वजन झपाट्यानं, दोन-तीन महिन्यांत पाच किलो वाढलं, तर पाळीवर ढकलू नका. थायरॉइडसाठी टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्या. झोपेच्या, नैराश्याच्या, नसांच्या आणि साखरेच्या काही गोळ्यांनी वजन वाढतं, त्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवा. बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या गुडघेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड सापडतात. तोंड गोल आणि हातपाय बारीक झाले असतील तर पहिली शंका त्या पुडीची घ्या.

एका अक्कांनी चिठ्ठीवर विचारलं आहे, डॉक्टर कन्नड बोलतात, त्यांना वाफा कशा सांगायच्या? चांगला प्रश्न आहे. "अंग तापतं" असं सांगितलं की ‘ज्वर’ असं समजून पॅरासिटॅमॉल मिळते. "मै बिसी आगतद, ज्वर इल्ल" (अंग गरम होतं, ताप नाही) असं सांगा, आणि दिवसातून किती वेळा, रात्री किती वेळा, ते आकड्यात सांगा. कागदावर लिहूनच न्या: शेवटची पाळी कधी आली, पिशवी किंवा अंडाशय काढलेत का, चालू गोळ्या, आई-बहिणीला स्तनाचा कर्करोग होता का, बीपी, आणि टेपचे गेल्या तीन महिन्यांचे आकडे. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला, तर तो या कागदावर सगळ्यात वर लिहा आणि त्याच आठवड्यात जा.