वॉटफर्डच्या मैदानावरचं सत्त्याण्णवावं मिनिट

श्रोतेहो, नमस्कार.

आज इंग्लंडमधल्या फुटबॉलबद्दल बोलायचं आहे, पण मँचेस्टर, लिव्हरपूल, आर्सेनल यांच्याबद्दल नाही. ती नावं आपल्याकडच्या शाळकरी मुलांच्या टी-शर्टांवरही वाचायला मिळतात. मला सांगायचंय ते त्यांच्याखालच्या पायरीबद्दल. या दुसऱ्या पायरीचं नाव आहे चॅम्पियनशिप. नाव ऐकून कुणालाही वाटेल की हीच सगळ्यांत वरची स्पर्धा. तसं नाही. पहिली पायरी प्रीमियर लीग, दुसरी चॅम्पियनशिप. दुसरी पायरी १८९२ पासून आहे, हे नाव मात्र २००४ मधलं.

नियम सोपा आहे. २४ संघ, प्रत्येकाचे ४६ सामने. ऑगस्टमध्ये सुरुवात, मे महिन्यात शेवट. पहिले दोन संघ सरळ प्रीमियर लीगमध्ये जातात. २०१२-१३ मध्ये तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे चार संघ प्ले-ऑफ खेळायचे आणि त्यांच्यातला एकच वर जायचा. तळाचे तीन खालच्या, म्हणजे तिसऱ्या पायरीवर उतरतात. पुन्हा सांगतो: दोन सरळ वर, एक झगडून वर, तीन खाली.

हे खाली जाणं मला फार मोलाचं वाटतं. आपल्या आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी त्याच थाटात पुन्हा उभा असतो. मला ते कधीच पटलेलं नाही. रणजीमध्ये निदान प्लेट गट आहे, वर-खाली होणं आहे. ज्या परीक्षेत नापास करतच नाहीत, त्या परीक्षेचा अभ्यास कोण करणार? असो.

मी सांगणार आहे तो मोसम २०१२-१३ चा. तो निवडला त्याचं एक कारण पुण्यात आहे. ब्लॅकबर्न रोव्हर्स हा इंग्लंडच्या उत्तरेकडचा, लँकेशरमधला क्लब. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या बारा संघांपैकी हा एक, आणि १९९५ चा प्रीमियर लीग विजेता. नोव्हेंबर २०१० मध्ये तो विकत घेतला आपल्या पुण्याच्या वेंकीज समूहानं. होय, तेच कोंबडीवाले वेंकीज. दीड वर्षात, मे २०१२ मध्ये, ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली घसरला. तो घसरला त्या संध्याकाळी भर पावसात कुणीतरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. मालकांचा निषेध म्हणून. ते दृश्य जगभर गेलं. मला त्याचं फार वाईट वाटलं. क्लबसाठीही वाटलं, आणि इतक्या दूरवर आपल्या गावाचं नाव निघालं ते अशा प्रसंगात, याचंही वाटलं.

दुसऱ्या पायरीवर तरी घडी बसेल असं वाटत होतं, पण तसं झालं नाही. त्या एका मोसमात ब्लॅकबर्नचे मॅनेजर बदलतच राहिले. हेनिंग बर्ग हा १९९५ च्या विजेत्या संघातला खेळाडू. मॅनेजर म्हणून तो ५७ दिवस टिकला. मायकेल ॲपलटन ६७ दिवस. घरात वर्षाला चार सुना आणून संसार होत नाही हो. जॉर्डन ऱ्होड्सच्या गोलांनी संघाला तारलं. ४६ सामन्यांनंतर ब्लॅकबर्न सतराव्या क्रमांकावर होता, घसरणीच्या रेषेपासून फक्त चार गुण वर.

वरच्या टोकाला पहिला आला कार्डिफ सिटी. वेल्सच्या राजधानीतला संघ, ८७ गुण, १९६२ नंतर पहिल्यांदाच सर्वोच्च पायरीवर. पण आनंदात एक खडा होता. क्लबचं टोपणनाव ब्लूबर्ड्स, म्हणजे निळे पक्षी, आणि कित्येक पिढ्यांचा पोशाख निळा. मलेशियाच्या मालकानं त्याच वर्षी पोशाख लाल करून टाकला. संघ जिंकत होता, पण आजोबा-नातू निळे मफलर गळ्यात घालून लाल संघाकडे बघत होते. पैसे भरले म्हणजे रंग आपल्या मालकीचा झाला असं कुणी समजू नये, हे माझं ठाम मत आहे. पुढे २०१५ च्या जानेवारीत निळा रंग परत आला, तेव्हा मला इथं बसून बरं वाटलं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ही मी अनेकांना अनेकदा सांगितली आहे, आज तुम्हाला सांगतो.

शेवटचा दिवस, ४ मे २०१३. कार्डिफ आधीच वर गेलेला. दुसऱ्या जागेसाठी दोन दावेदार: हल सिटी ७८ गुण, वॉटफर्ड ७७ गुण. हल स्वतःच्या मैदानावर कार्डिफशी खेळतोय, वॉटफर्ड स्वतःच्या मैदानावर लीड्सशी. दोन्ही सामने एकाच वेळी. लक्षात ठेवा: हल ७८, वॉटफर्ड ७७.

वॉटफर्डचा गोलरक्षक मॅन्युएल अल्मुनिया. सामन्याआधी सराव करतानाच तो जखमी झाला. त्याच्या जागी आलेला तरुण गोलरक्षक आपल्याच संघातल्या खेळाडूवर आदळला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. उरला कोण? जॅक बोनम, १९ वर्षांचा, पहिलाच सामना. या गडबडीत वॉटफर्डचा सामना लांबला, हलच्या सामन्यापेक्षा बराच मागे पडला.

तिकडे हल २-१ नं पुढे. भरपाईच्या वेळेत, म्हणजे खेळ थांबून वाया गेलेली मिनिटं ९० नंतर भरून काढतात त्यात, त्यांना पेनल्टी मिळाली. गोल झाला की संपलं, प्रीमियर लीग! कार्डिफच्या गोलरक्षकानं पेनल्टी अडवली. खेळ लगेच दुसऱ्या टोकाला गेला, तिथं कार्डिफला पेनल्टी मिळाली, आणि ती गेली आत. २-२. सामना संपला. बरोबरीचा एक मिळून हलचे ७९ गुण झाले. आता वॉटफर्ड जिंकला तर विजयाचे तीन मिळून त्याचे ८०, आणि तिथं अजून खेळ शिल्लक, १-१ अशी बरोबरी.

हलचे लोक मैदान सोडून हलले नाहीत. आपल्या संघाचा खेळ संपलेला, आणि हजारो माणसं तिथंच उभी, दुसऱ्या गावच्या बातमीची वाट बघत. अशा वेळी मला रेडिओ आठवतो. चित्र नसलं की माणूस कानात प्राण आणून ऐकतो. एका ट्रान्झिस्टरभोवती दहा जणांनी डोकी जुळवून स्कोअर ऐकण्यात जी धाकधूक होती, ती मोबाइलवरच्या आकड्यात मला आजही सापडत नाही.

वॉटफर्डकडून एक खेळाडू लाल कार्डावर बाहेर गेला. त्याचं नाव ट्रॉय डीनी. हे नाव ध्यानात ठेवा. दहा जणांनिशी वॉटफर्ड विजयासाठी पुढे धावतोय, मागं मैदान मोकळं, आणि अगदी शेवटाला लीड्सच्या रॉस मॅकॉर्मॅकनं चेंडू अलगद उचलला. त्या १९ वर्षांच्या पोराच्या हाताला लागून तो गोलात गेला. २-१ लीड्स. हल वर गेला, वॉटफर्ड तिसरा राहिला.

त्याच दिवशी, त्याच वेळी नॉटिंगहॅममध्ये लेस्टर सिटी खेळत होता. सहाव्या जागेसाठी त्यांना विजय हवाच होता. अखेरच्या क्षणी २१ वर्षांच्या एका फ्रेंच पोरानं गोल केला आणि लेस्टर सहावा आला. पोराचं नाव अँथनी नोकार्ट. म्हणजे दोन नावं झाली: वॉटफर्डचा डीनी, लेस्टरचा नोकार्ट.

तिसरा विरुद्ध सहावा, प्ले-ऑफची उपांत्य फेरी. दोन सामने, दोन्हींचे गोल एकत्र मोजायचे. लेस्टरच्या मैदानावर लेस्टर १-० नं जिंकला. दुसरा सामना १२ मे रोजी, वॉटफर्डच्या व्हिकॅरेज रोड मैदानावर. तिथं ९० मिनिटं संपली तेव्हा वॉटफर्ड २-१ नं पुढे होता. एकूण २-२. भरपाईचीही मिनिटं सरत आली. आता जादा वेळ, असं सगळ्यांनी धरलेलं.

सहावं भरपाईचं मिनिट. नोकार्ट चेंडू घेऊन वॉटफर्डच्या पेनल्टी क्षेत्रात शिरला. मार्को कासेत्ती त्याला भिडला, नोकार्ट पडला. रेफ्रीनं शिट्टी वाजवली. पेनल्टी! मला विचाराल तर तो धक्का फारच हलका होता. पण शिट्टी वाजली ती वाजली. हा गोल झाला की लेस्टर अंतिम सामन्यासाठी वेम्बलीला, वॉटफर्ड घरी. ४६ सामने आणि वर हे दोन, सगळं त्या एका चेंडूवर.

नोकार्टनं स्वतःच चेंडू हातात घेतला. आठ दिवसांपूर्वी त्यानंच संघाला इथवर आणलं होतं. समोर अल्मुनिया, तोच, चार तारखेला सरावात जखमी झालेला. नोकार्ट धावला, मारला. अल्मुनियानं पायानं अडवला! चेंडू परत नोकार्टकडेच. त्यानं पुन्हा मारला. अल्मुनियानं पुन्हा अडवला! कासेत्तीनं, ज्याच्यावर पेनल्टी दिली होती त्याच कासेत्तीनं, चेंडू दूर झुगारला.

आणि इथून पुढं श्वास घ्यायला जागा नाही. वॉटफर्डचा आन्या चेंडू घेऊन पळत सुटला. लेस्टरचे गडी सगळे पुढे गेलेले, ते उलटे धावताहेत. चेंडू उजवीकडे फॉरेस्टिएरीकडे. त्यानं तो उंच टाकला, गोलच्या पलीकडच्या बाजूला. तिथं हॉग उडाला. त्यानं डोक्यानं स्वतः गोल मारायचा मोह टाळला, चेंडू मागं खाली ठेवला. आणि त्यावर धावत आला ट्रॉय डीनी. उजव्या पायाचा सणसणीत फटका. गोल! ३-१. सत्त्याण्णवावं मिनिट. पेनल्टी अडवली त्या क्षणापासून इथवर जेमतेम वीस सेकंद.

डीनीनं शर्ट काढला, जाहिरातींचे फलक ओलांडले आणि थेट प्रेक्षकांत घुसला. माणसं मैदानात लोटली. वॉटफर्डचा मॅनेजर जियानफ्रँको झोला, एके काळचा इटलीचा मोठा खेळाडू, आनंदानं धावत सुटला आणि धावता धावता पडला.

हा डीनी कोण, तेही ऐका. बर्मिंगहॅमकडचा. व्यावसायिक फुटबॉलमध्ये येण्याआधी वीटकाम शिकत होता. २०१२ मध्ये त्याचे वडील कॅन्सरनं गेले आणि काही आठवड्यांतच, जूनमध्ये, एका मारामारीच्या गुन्ह्यात त्याला १० महिन्यांची शिक्षा झाली. जवळजवळ तीन महिने तुरुंगात काढून तो सप्टेंबरमध्ये बाहेर आला. क्लबनं त्याला परत घेतलं. त्यानं त्या मोसमात लीगमध्ये १९ गोल केले, आणि विसावा हा. त्याचा गुन्हा मी झाकत नाही, चूक ती चूकच. पण शिक्षा भोगून आलेल्या माणसाला पुन्हा कामावर घ्यायला धाडस लागतं. आपल्याकडे अशा माणसाला भाड्यानं खोली मिळायची मारामार. त्या क्लबचं मला त्यासाठी कौतुक वाटतं.

आणि नोकार्ट? तो मैदानात रडत होता. त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय ही गोष्ट मी कधीच थांबवत नाही. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, लेस्टर १०२ गुण मिळवून चॅम्पियनशिप जिंकला, आणि नोकार्ट त्या संघात होता. त्यानंतर दोन वर्षांनी लेस्टर प्रीमियर लीगचाच विजेता झाला, ते तर तुम्हाला ठाऊक आहे. तोवर नोकार्ट ब्रायटनला गेला होता. २०१७ मध्ये तिथूनही तो वर गेला.

वेळ थोडा उरलाय, तेव्हा बाकीचं भराभर सांगतो. तळाला पीटरबरो ५४ गुण मिळवूनही बुडाला. शेवटच्या दिवशी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध अगदी अखेरीस गोल खाल्ला म्हणून. ती बातमी पोहोचली तेव्हा बार्न्सली आणि हडर्सफील्ड एकमेकांशी २-२ वर होते. दोघंही वाचलेत हे कळल्यावर त्यांनी उरलेला वेळ चेंडू नुसता इकडून तिकडे ढकलत काढला. वुल्व्हज सलग दुसऱ्या वर्षी खाली गेला.

आणि अंतिम सामना. २७ मे, वेम्बली, वॉटफर्ड विरुद्ध क्रिस्टल पॅलेस. वर्तमानपत्रं याला १२ कोटी पौंडांचा सामना म्हणत होती. कारण तेव्हा वर गेलेल्या क्लबला, मुख्यतः प्रक्षेपणातून, तेवढे पैसे मिळायचे. पॅलेसचा ३० गोल करणारा ग्लेन मरी गुडघा दुखावून बाहेर बसलेला. ९० मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत पॅलेसच्या विल्फ्रेड झाहाला पाडलं म्हणून पेनल्टी मिळाली. पाडणारा पुन्हा कासेत्तीच. चेंडू घेतला केविन फिलिप्सनं, वय ३९. त्यानं तो वरच्या कोपऱ्यात मारला. १-०, पॅलेस वर.

हा फिलिप्स १९९४ मध्ये एका छोट्या हौशी क्लबातून व्यावसायिक फुटबॉलमध्ये आला, तो वॉटफर्डकडूनच. त्या दिवशी वेम्बलीत वॉटफर्डचे पिवळे मफलर घालून बसलेल्या कितीतरी लोकांनी त्याचे पहिले गोल व्हिकॅरेज रोडवर उभं राहून पाहिले होते.

नमस्कार.