लेप आतून फुटतो

मित्रहो, आजच्या व्याख्यानाचा विषय ‘हाताने केलेल्या ल्यूरसाठी, म्हणजे गळाला मासा लागावा म्हणून केलेल्या नकली माशासाठी, टिकाऊ पारदर्शक लेप’ असा जाहीर झाला आहे आणि तुमच्यापैकी बहुतेक जण एखाद्या डब्याचे नाव ऐकायला आले आहेत, हे मला ठाऊक आहे. कोणता लेप घ्यावा ते मी सांगणार आहे. परंतु गेली काही वर्षे एक विचार माझ्या मनात घर करून बसला आहे आणि तो जाणत्या मंडळींसमोर मांडण्याची संधी सोलापुरात वारंवार मिळत नाही, म्हणून आधी तो मांडतो. लाकडी ल्यूरवरचा लेप बाहेरून झिजून क्वचितच जातो. तो बहुधा आतून फुटतो, असे माझे म्हणणे आहे. आपण डब्यावरची अक्षरे वाचत राहतो आणि लेपाखालच्या लाकडाकडे पाहत नाही.

हे मला कसे कळले ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण त्यापायी माझे एका पावसाळ्याचे काम वाया गेले. मी पांगाऱ्याच्या लाकडाचे बारा मासे कोरले होते. पांगारा वजनाला हलका असतो, चाकूला मऊ लागतो आणि पाण्यावर चांगला तरंगतो; सावंतवाडीच्या कारागिरांनी लाकडी फळांसाठी हे लाकूड वापरले आहे, ते उगाच नव्हे. प्रत्येक माशाच्या पोटात शिशाचे वजन, तोंडाशी माशाला पाण्यात डोलवणारी पॉलिकार्बोनेटची पट्टी म्हणजे ओठ, नाकाला दोरी बांधण्याचा आणि पोटाला व शेपटीला गळ अडकवण्याचे स्क्रू-आय (कडीचे स्क्रू), आणि अंगावर उजनीतल्या चिलापीचे पट्टे, असा सगळा थाट होता. एवढे झाल्यावर मी एका दुकानातून पारदर्शक व्हार्निशचा डबा आणला. तो होड्यांसाठीही चालतो असे त्याच्यावर छापले होते. दुकानदार म्हणाला, ‘दोन हात मारा, मग दहा वर्षे बघायला नको.’ मी तीन हात मारले, प्रत्येक हातामध्ये एक दिवस जाऊ दिला, आणि ते मासे दोरीवर टांगून ठेवले तेव्हा घरातली लहान मुले त्यांच्याखालून हलायला तयार नव्हती, इतके ते सुंदर दिसत होते.

थंडी सुरू झाल्यावर एका पहाटे आम्ही चौघे करमाळ्याच्या बाजूला उजनीच्या फुगवट्यावर गेलो. पहिल्या तासात सगळे मनासारखे झाले. एका मरळीने पाण्यावर येऊन ल्यूर धरला, तिचे दात लेपावर घासले, आणि तिला सोडवून मी ल्यूर पाहिला तर त्यावर केसाएवढ्या दोन रेघांपलीकडे काहीही नव्हते. मी मनोमन त्या डब्याचे आभार मानले. नऊच्या सुमारास मात्र तोच ल्यूर पाण्यात डोलेनासा झाला आणि एका अंगावर कलून येऊ लागला. दुपारी जेवताना सहज पाहिले तेव्हा ओठाच्या खाचेपासून निघालेली एक बारीक चीर कुशीवरून शेपटीकडे गेलेली होती. संध्याकाळी घरी येईपर्यंत चार मासे फुगले होते, आणि त्यांपैकी एकावरचे चिलापीचे पट्टे लेपासकट पापुद्र्यासारखे सुटले होते.

मी दुकानात गेलो. लेप पातळ झाला असेल, असे दुकानदाराचे म्हणणे पडले. मी डबा बनवणाऱ्यांना दोन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. मग पुढचे काही महिने, ज्या ज्या माणसाने माझ्याशी मासेमारीविषयी बोलणे काढले, त्या प्रत्येकाला मी त्या डब्याची निंदा ऐकवली. आज या सभागृहात त्यांतले दोघे-तिघे बसले आहेत आणि त्यांच्यासमोर मला हे दुरुस्त करायचे आहे. फुगलेल्या माशांपैकी एक मी बारीक पात्याच्या करवतीने नाकापासून शेपटीपर्यंत उभा चिरला. आतले लाकूड नाकाशी, ओठाच्या खाचेशी आणि शेपटीच्या स्क्रूभोवती काळसर ओले झाले होते. मधला भाग पांढरा आणि कोरडा होता. त्या मधल्या भागावरचा लेप मी नखाने, नंतर चाकूच्या टोकाने उचकटून पाहिला. तो जागचा हलला नाही. व्हार्निश आपले काम करत होते. पाणी व्हार्निशमधून आलेच नव्हते; ते मीच पाडलेल्या भोकांतून आत गेले होते.

सुताच्या डाईंगमध्ये माझी हयात गेली आहे, त्यामुळे हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते. कच्च्या सुतावर निसर्गतः मेण असते. ते सूत सोड्यात उकळून घेतल्याशिवाय रंगाच्या टाकीत सोडले, तर रंग कितीही पक्का असो, तो धाग्यात शिरत नाही, आणि चादर चार धुण्यांत फिकी पडते. गिऱ्हाईक रंगाला दोष देते, आणि डाईंगमधल्या माणसाला मात्र ठाऊक असते की चूक रंग चढण्याच्या आधीची आहे.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी असते. नळ्यांच्या अंगावरून पाणी आत शिरायला वेळ लागतो, पण त्यांच्या तोंडातून ते झरझर शिरते. आता आपला मासा डोळ्यांसमोर आणा. नाकाचा स्क्रू, ओठाची खाच आणि शेपटीचा स्क्रू या तिन्ही जागा नेमक्या नळ्यांच्या तोंडाशी येतात, आणि लेप देऊन झाल्यावर आपण तिथेच टोच्या घेऊन भोक पाडतो. आत गेलेले पाणी लाकडाला सगळीकडे सारखे फुगवत नाही. ओले लाकूड पूर्ण वाळताना रुंदीत अनेक जातींत ५ ते १० टक्क्यांपर्यंत आकसते, पण लांबीत १ टक्कासुद्धा आकसत नाही. भिजताना हेच उलट्या दिशेने होते. म्हणजे मासा लांब होत नाही, तो जाड होतो. त्यामुळे लेपावर कुशीच्या बाजूने ताण येतो आणि चीर नाकाकडून शेपटीकडे जाते. तुमच्या पेटीतले जुने ल्यूर काढून पाहा. बहुतेक चिरा तुम्हाला याच दिशेने गेलेल्या आढळतील.

या ठिकाणी फिनलंडच्या लाउरी रापाला यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९३६ साली त्यांनी आपला पहिला ल्यूर चांभाराच्या चाकूने आणि पॉलिश पेपरने घडवला. त्याच्यावर चॉकलेटच्या वेष्टनातली चांदी चिकटवली, आणि लेपासाठी चांगले लॅकर जवळ नसल्यामुळे फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा थर दिला. ही गोष्ट ल्यूर करणारे लोक एकमेकांना मोठ्या कौतुकाने सांगतात, आणि सांगताना सगळा भर निगेटिव्हवर देतात. मला मात्र त्यातला दुसरा तपशील मोलाचा वाटतो. तो मासा बुचाचा होता. बूच म्हणजे झाडाची अशी साल की जी मुळातच पाणी आत घेत नाही. बाटलीचे तोंड आपण त्यानेच बंद करतो. आतला पदार्थ फुगणारच नसेल, तर वरच्या थराला केवळ दातांशी आणि दगडांशी सामना करावा लागतो, आणि तेवढे एक साधा थरही निभावून नेतो. आपल्याजवळ बूच नाही, म्हणून आपल्या पांगाऱ्याला आपण बुचासारखे करून घेतले पाहिजे.

त्यासाठी मी पुढीलप्रमाणे काम करतो. ओठाची खाच, वजनाचे भोक आणि तिन्ही स्क्रूंची भोके रंग लावण्याच्या आधी पाडून घ्यावीत, म्हणजे पुढे जे काही मुरवायचे ते भोकांच्या आतल्या भिंतींनाही लागते. मग लाकूड मुरवून घ्यावे. रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते उकळलेले जवसाचे तेल यासाठी उत्तम आहे, पण ते पूर्ण सुकायला आठवडे लागतात, आणि अर्धवट सुकलेल्या तेलावर कोणताही लेप धरत नाही. ज्यांना इतका धीर नाही त्यांनी पातळ इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि त्याला घट्ट करणारे हार्डनर कालवून होणारा लेप, किंचित कोमट करून ब्रशने चोळावे. सागवान वापरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी: सागाच्या अंगात नैसर्गिक तेल असते, म्हणून लेपाआधी ते ॲसिटोनच्या फडक्याने पुसून घ्यावे.

हे काम दिवसाच्या कोणत्या वेळी करावे, यालाही आपल्या सोलापुरात फार महत्त्व आहे. सकाळी ऊन चढत असताना लाकडाच्या नळ्यांतली हवा तापून फुगते, बाहेर येते आणि ओल्या लेपात बुडबुडे सोडते. संध्याकाळी लाकूड निवत असते, हवा आकसते आणि लेप आत ओढला जातो. होड्या बांधणारे ही रीत पाळतात. मी चार वाजल्यानंतरच ब्रश हातात घेतो, आणि या एका सवयीने माझे बुडबुड्यांचे दुखणे जवळजवळ संपले.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे की दहा मिनिटे उरली आहेत. तेव्हा ज्यासाठी तुम्ही आलात तो भाग आता वेगाने घेतो.

सुतारांचे लॅकर लवकर सुकते आणि दिसते छान, पण ते पातळ बसते, आणि त्याचा ल्यूर आमिषाच्या रबरी किड्यांच्या डबीत ठेवला तर त्या किड्यांना मऊ ठेवणारे तेल लॅकरला गुळासारखे चिकट करून टाकते. नेलपॉलिशचेही तसेच होते. लाखेचे स्पिरिट पॉलिश पाणी लागताच पांढरे पडते, म्हणून ते वरच्या थरासाठी वर्ज्य समजावे.

दोन भागांचे इपॉक्सी हा माझा कौल आहे. ते जाड बसते, दात आणि गळांचे ओरखडे सोसते आणि रबरी किड्यांच्या तेलाला दाद देत नाही. रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण मात्र डोळ्यांच्या अंदाजाने घेऊ नये. प्रमाण चुकले की थर कायमचा चिकट राहतो, आणि हार्डनर जास्त घातल्याने तो लवकर वाळत नाही. तापमान १० अंशांनी वाढले की ही प्रक्रिया साधारण दुप्पट वेगाने होते, त्यामुळे २५ अंशांना अर्धा तास हाताळता येणारे मिश्रण मे महिन्यात दहा-बारा मिनिटांतच घट्ट होते. म्हणून एका वेळी दोन ल्यूरपुरतेच कालवावे. थर ओघळू नये यासाठी ल्यूर सतत फिरता ठेवावा लागतो. जुन्या मायक्रोवेव्हची तबकडी फिरवणारी मोटर मिनिटाला पाच-सहा फेरे घेते आणि ती या कामाला पुरते. इपॉक्सीचे दोन दोष आहेत. उन्हाने ते पिवळे पडते, आणि खोलीच्या तापमानाला वाळलेले बहुतेक इपॉक्सी ५० ते ६० अंशांना मऊ होऊ लागते. मे महिन्यात बंद मोटारीत पेटी ठेवून गेलात, तर गळांचे ठसे पोटावर उमटलेले दिसतील.

उन्हात वाळणारे यूव्ही रेझिन सोलापूरसाठीच केले आहे असे वाटावे, इतके ऊन आपल्याकडे आहे. ते सावलीत लावावे, निवांत पसरू द्यावे आणि मग उन्हात धरावे. काही मिनिटांत ते कडक होते. हवेतल्या ऑक्सिजनमुळे पृष्ठभाग थोडा चिकट राहतो, तो अल्कोहोलने पुसून निघतो. जाड एक थर देण्याऐवजी पातळ दोन द्यावेत, कारण जाड थर ठिसूळपणाने तडकू शकतो.

मोटारींवर मारतात ते दोन भागांचे पॉलियुरेथेन क्लिअर कडक असते, उन्हातही पारदर्शक राहते आणि देखणे दिसते. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्याने दमा जडतो आणि एकदा जडला की पुढे अगदी थोडा वासही सोसत नाही. कापडी मास्कने ते थांबत नाही. म्हणून घरात त्याचा फवारा कोणीही मारू नये. मोटारींना रंग मारणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडे, ज्याच्याकडे बंद खोली आणि बाहेरची हवा पुरवणारा मास्क आहे, त्याच्याकडे आपले मासे तारेवर टांगून द्यावेत. हवेतल्या ओलाव्याने वाळणारे पॉलियुरेथेनही चांगले असते, पण डबा एकदा उघडला की ते डब्यातच घट्ट होऊ लागते. लहान बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवल्यास ते अधिक दिवस टिकते.

यांपैकी कोणताही लेप दिल्यावर शेवटचे काम राहते. लेपाने बुजलेली भोके टोच्याने मोकळी करावीत, आत काडीने इपॉक्सी भरावे आणि मगच स्क्रू-आय पिळावेत, म्हणजे स्क्रू आपल्याबरोबर भोकाचे तोंडही बंद करतो. ओठही इपॉक्सीतच बसवावा. मरळीने चावून लाकूड उघडे पाडले तर तो ल्यूर त्या दिवशी पुन्हा पाण्यात टाकू नये. आठवडाभर सावलीत वाळवावा, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा घासाव्यात आणि मग त्या जागेला हात द्यावा. ओल्या लाकडावर लेप दिलात तर पाणी आत कोंडले जाईल.

टेबलावरच्या बरणीत सकाळपासून दोन मासे बुडवून ठेवले आहेत. दोघांवर एकाच डब्यातले व्हार्निश आहे आणि भोके फक्त एकाची भरलेली आहेत. शेजारी तो चिरलेला मासाही ठेवला आहे. खाली उतरताना तिन्ही हातात घेऊन पाहावेत.