१६१ मीटरची वाट

[दृश्य: पहाट. गॅल्व्हस्टनचा उपसागर. समोरासमोर येणारी दोन तेलवाहू जहाजं.]

ही दोन जहाजं एकमेकांवर धरूनच निघाली आहेत, आणि तेही ठरवून. या जहाजवाटेच्या रुंदीकरणाआधीचं हे दृश्य. वाट १६१ मीटर रुंद, त्यात प्रत्येक जहाज चाळीस मीटरहून रुंद. दोन्हींचे पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारे, मधोमधच राहतात. आधीच बाजूला सरलं, तर काठालगतचं पाणी पिछाडी ओढून घेतं आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, फिरून समोरच्या जहाजावर जाते. म्हणून वाट पाहायची. अंतर सुमारे अर्ध्या मैलावर आलं की सुकाणू किंचित उजवीकडे. नाळींपुढे दाटलेलं पाणीच दोघांना दूर ढकलतं. लगेच उलटं सुकाणू देऊन वळण आवरायचं. जहाजं कुशीला कुशी देत निघून जातात, आणि मधल्या पाण्याची ओढ त्यांना पुन्हा मध्यावर आणते. खलाशी याला ‘टेक्सास चिकन’ म्हणतात; ‘चिकन’ म्हणजे समोरासमोर येऊन आधी कोण कचरतो, हा खेळ.

ही ह्यूस्टनची जहाजवाट. अमेरिकेतल्या कुठल्या शहराला जगात किती मान, याची चर्चा निघाली की न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस ही नावं आधी येतात. ह्यूस्टन मागे राहतं. जलमार्गाने होणाऱ्या परदेशी व्यापाराच्या वजनात मात्र अमेरिकेतलं पहिलं बंदर हेच आहे.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. उद्ध्वस्त गॅल्व्हस्टन.]

८ सप्टेंबर १९००. चक्रीवादळाने गॅल्व्हस्टन बेट धुऊन काढलं, हजारो माणसं गेली. आतल्या बाजूचं बंदर हवं, ही ह्यूस्टनची मागणी जुनीच होती; तिला आता जोर आला. खर्चाचा अर्धा वाटा आम्ही उचलतो, असं शहराने सांगितलं आणि १९१० मध्ये संसदेने ते मान्य केलं. उथळ, वळणावळणाचा बफेलो बायू हा ओढा खणून ७.६ मीटर खोल केला. १० नोव्हेंबर १९१४ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये बटण दाबलं आणि इकडे उद्घाटनाची तोफ उडाली. आज खोली १४ मीटरच्या आसपास आहे, लांबी ८४ किलोमीटर.

[दृश्य: न्यूयॉर्क बंदराच्या वाटेवरच्या बेयॉन पुलाखालून जाणारं कंटेनर जहाज.]

न्यूयॉर्ककडे संयुक्त राष्ट्रं आहेत, डॉलरचा व्यवहार आहे. ते मोठेपण निर्विवाद. पण या पुलाकडे पाहा. २०१६ मध्ये पनामा कालव्याची नवी दारं उघडली; मोठी जहाजं इकडे येऊ लागणार हे त्याआधीच दिसत होतं. पुलाखाली जागा ४६ मीटरच. मग वाहतूक चालू ठेवून त्याच कमानीत वरच्या पातळीवर नवा रस्ता बांधला, नंतर जुना काढला. २०१७ मध्ये उंची ६५ मीटर झाली. या पुलापलीकडच्या न्यूअर्कहून २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन निघालं होतं. कुठे? ह्यूस्टनला.

[दृश्य: खंदकातून धावणारी मालगाडी.]

लॉस एंजेलिस आणि शेजारचं लाँग बीच ही जोडबंदरं आशियातल्या मालाची मोठी दारं. तो माल शहराबाहेर काढणाऱ्या रुळांसाठी १६ किलोमीटरचा, १० मीटर खोल खंदक खणला. २००२ पासून जवळपास दोनशे फाटकांवरचा खोळंबा मिटला.

तिथून डबे शिकागोला. देशातल्या रेल्वे मालवाहतुकीपैकी सुमारे एक चतुर्थांश वाहतूक याच शहरातून किंवा आसपासून जाते. मालगाड्या आणि लोकल एकाच रुळांवर एकमेकींना आडव्या येतात, हे तिथलं जुनं दुखणं. तिथल्या एंगलवूड भागात २०१४ मध्ये लोकलचे रूळ वर उचलले, तेव्हा कुठे एक गाठ सुटली. १८४८ पासून धान्यबाजारही इथलाच. सोयाबीनचा एक सौदा ५,००० बुशेलचा, म्हणजे १३६ टनांचा, आणि इथला भाव लातूरच्या बाजारातही डोळ्यांखालून जातो.

[दृश्य: ड्रेजर. पाइपातून पडणारा काळा गाळ.]

पुन्हा ह्यूस्टन. २०२२ मध्ये वाट रुंदावण्याचं काम सुरू झालं: उपसागरात १६१ वरून २१३ मीटर. ड्रेजरचं दातेरी डोकं तळातली चिकणमाती खरवडतं, पंप ती पाण्यासकट ओढतो, आणि मैलोन्‌मैल पाइपातून ती भरावाच्या जागी जाते. पाणी कमी पडलं तर पाइप तुंबतो. आणि खणून झालं म्हणजे संपलं नाही. गाळ पुन्हा साचतो, तो काढतच राहावं लागतं.

काठावरच्या मँचेस्टर वस्तीत कुंपणापलीकडेच तेलशुद्धीकरणाच्या टाक्या आहेत. हवेतल्या बेंझिन या घातक रसायनाची तक्रार तिथे जुनी आहे.

[दृश्य: दाट धुकं. नांगरलेली जहाजं.]

हिवाळ्यात असं धुकं उतरलं की जहाजवाट बंद होते. गॅल्व्हस्टनबाहेर जहाजं नांगरून पडतात, आणि धुकं विरलं की पायलट एकेका जहाजावर दोरशिडीने चढू लागतात.