ऊदाची ऊब

मंडळी, आत येताना प्रत्येकाला कागदाची एक पट्टी दिली आहे. तिच्या टोकाला आसामी अगराच्या तेलाचा जेमतेम एक ठिपका आहे. एकदा हुंगा आणि बाजूला ठेवा.

पुढच्या रांगेत काही नाकं मुरडली. गोठा आठवला ना? आठवणारच. हे तेल काढण्याआधी लाकडाची भुकटी कित्येक दिवस पाण्यात भिजत घालतात, ती थोडी आंबते, आणि मग भट्टी लागते. तो आंबूस, जनावराचा वास आधी पुढे येतो. घाईनं मत बनवू नका.

आधी ‘ऊद’ या शब्दाचा गुंता सोडवू. माझी आजी बाळाला न्हाऊ घातलं की निखाऱ्यावर ओवा, वावडिंग आणि ऊद टाकून धुरी द्यायची. तो ऊद म्हणजे सुमात्रा, लाओसकडच्या झाडांच्या सालीला चिरा पाडून मिळवलेला चीक. व्हॅनिलासारखा गोडसर. अरबीत मात्र ‘ऊद’ म्हणजे नुसतं लाकूड, काठी. आणि अत्तरवाला ऊद म्हणतो तो अगरू, म्हणजे तुमच्या पट्टीवरचा अगर. आपल्या देवघरात उदबत्ती आणि अगरबत्ती एकाच वस्तूची दोन नावं होऊन बसली, म्हणून हा फरक पुसला गेला.

आता झाडाकडे येऊ. आसामात त्याला ‘साशी’ म्हणतात. गोलाघाट, जोरहाटकडे ते घराच्या परसात असतं. कालिदासानं ‘रघुवंशा’त राजा रघूचे हत्ती बांधले ते लौहित्य नदीपलीकडे, प्राग्ज्योतिषाच्या, म्हणजे जुन्या आसामच्या, काळ्या अगरूंना. म्हणजे ब्रह्मपुत्रेचा हा मुलूख तेव्हाही याच झाडासाठी ओळखला जात होता. पण निरोगी अगराचं लाकूड पांढुरकं, हलकं असतं आणि त्याला म्हणावा असा वासच नसतो. खोडात एक अळी भोकं पाडत शिरते, त्या वाटेनं बुरशी येते, आणि झाड स्वतःला वाचवायला त्या जागी राळ साठवू लागतं. वर्षानुवर्षं. तेवढाच भाग काळा आणि जड होतो, इतका की उत्तम तुकडा पाण्यात बुडतो. चिनी भाषेत तर त्याचं नावच ‘बुडणारा सुगंध’.

मला या वासाचं सगळं व्यक्तिमत्त्व इथे दिसतं. चंदन निरोगी झाडाच्या गाभ्यात आपोआप मुरतं; त्याचा वास शांत, दुधाळ, एकसारखा. अगराचा तसा नाही. त्यात कडवटपणा आहे, धूर आहे, जुन्या कातड्याची छटा आहे, आणि खाली खोल मधासारखी गोडी. लिंबाच्या सालीतले रेणू हलके, क्षणात उडतात. राळेतले जड असतात, अंगाच्या उबेनं सावकाश सुटतात. आपण ज्याला ‘ऊबदार’ म्हणतो तो बराचसा हा सावकाशपणा आहे. अगरात क्रोमोन नावाची द्रव्यंही असतात. ती लाकूड तापल्यावरच खुलतात. म्हणून जपानी लोक तुकडा जाळत नाहीत. राखेत पुरलेल्या निखाऱ्यावर अभ्रकाची चकती ठेवून तो नुसता तापवतात, आणि या कलेत सुगंध हुंगायचा नसतो, ‘ऐकायचा’ असतो.

इथे मनाला लागणारी एक गोष्ट सांगतो. आत राळ आहे की नाही हे बाहेरून खात्रीनं कळत नाही. म्हणून जंगलात कितीतरी कोरी झाडंही तोडली गेली. 1995 साली या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींसाठीच्या ‘साइट्स’ कराराचं नियंत्रण आलं. आज ‘ऊद’ लिहिलेल्या बहुतेक परफ्यूममध्ये प्रयोगशाळेत जुळवलेला वास असतो. त्यात मला कमीपणा वाटत नाही. झाड वाचत असेल तर आनंदच आहे. फक्त खरा अगर एकदा तरी नाकाखालून गेलेला असावा, म्हणजे नक्कल कशाची चालली आहे ते कळतं.

बरं, पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. आता ती पट्टी पुन्हा उचला. हातात जरा धरून ठेवा, हाताची ऊब लागू द्या. आणि आता हुंगा.