दोन खुर्च्या : नेव्हिल नॉर्वे, इंजिनीअर आणि कारखानदार

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

पत्रिकेत छापलेला विषय आहे ‘इंजिनीअर ते कारखानदार’. नेव्हिल शूट या नावानं आलेल्या कादंबऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचल्या असतील. तोच हा माणूस, पूर्ण नाव नेव्हिल शूट नॉर्वे. आडनाव त्यानं पुस्तकांपासून मुद्दाम लांब ठेवलं, कारण गोष्टी लिहिणाऱ्याची आकडेमोड कोणी गंभीरपणे घेणार नाही अशी त्याला धास्ती होती. हसू नका. कविता करणाऱ्या इंजिनीअरकडून पुलाचं डिझाइन करून घ्यायला आपणही जरा कचरतोच की!

मी कादंबऱ्यांवर बोलणार नाही. माझं म्हणणं असं, की यंत्र बांधण्याच्या धंद्यात दोन खुर्च्या असतात. एकीवरचा माणूस ‘हे टिकेल का’ ते बघतो, दुसरीवरचा ‘हे कधी निघेल’ ते सांगतो. नॉर्वे आयुष्यात दोन्हींवर बसला. दुसरीवर बसल्यावर काय झालं हे सांगायला मी आलोय. पहिलीचं आधी थोडक्यात उरकतो.

जन्म 1899चा, लंडनजवळ ईलिंगला. बोलताना अडखळायचा, म्हणून पहिल्या महायुद्धात वैमानिक व्हायचं राहून गेलं. ऑक्सफर्डला इंजिनीअरिंगची पदवी घेतली, तीही तिसऱ्या वर्गात. पालकमंडळींनी हे लक्षात ठेवावं. 1924 मध्ये ब्रिटिश सरकारनं ठरवलं की साम्राज्य एअरशिपनं, म्हणजे हलक्या वायूवर तरंगणाऱ्या अवाढव्य उडत्या जहाजानं, जोडायचं, आणि त्यासाठी दोन एअरशिप बांधायच्या. आर-101 सरकार स्वतः कार्डिंग्टनला बांधणार, आर-100 विकर्स या खासगी कंपनीची उपकंपनी हाउडनला. हाउडनचा मुख्य डिझायनर बार्न्स वॉलिस, आणि त्याच्या हाताखाली ताण-भाराचा हिशेब करणाऱ्यांचा प्रमुख म्हणून पंचविशीतला नॉर्वे. हाताशी स्लाइड रूल, म्हणजे आकडेमोडीची सरकती पट्टी, पेन्सिल आणि फुलस्केप कागद. सांगाड्याच्या एका आडव्या कड्याचा हिशेब दोन-तीन महिने चालायचा. समीकरणं जुळेनात की पुन्हा पहिल्यापासून. आणि शेवटी सगळं जुळलं की होणारा आनंद त्याला जवळपास धार्मिक अनुभवासारखा वाटायचा.

आता माझं जुनं दुखणं. सरकार हाउडनचं गिऱ्हाईक होतं, स्पर्धकही होतं आणि परीक्षकही. म्हणजे परीक्षेला बसलेल्याच्या हातात लाल पेन्सिल! आर-101 पडली ती या व्यवस्थेमुळे, असं मी गेली कित्येक वर्षं सांगत आलोय. आमच्या घरी आता कोणी ऐकत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

उष्ण प्रदेशात पेट्रोल धोक्याचं, म्हणून हिंदुस्थानला जाणाऱ्या आर-101 ला डिझेल इंजिनं. ती भलतीच जड. पाच इंजिनांपैकी एक तर सुरुवातीला निव्वळ मागं सरकण्यासाठी होतं! पुढं न जाणाऱ्या इंजिनाचं वजन हिंदुस्थानापर्यंत वाहून न्यायचं, ही कल्पना कुठल्याही सरकारी खात्यात काम केलेल्यांना नवी वाटणार नाही. आर-100 वर सहा रोल्स-रॉइस पेट्रोल इंजिनं, आणि तिला पाठवायचं होतं कॅनडाला. 1930 च्या जुलैअखेर ती निघाली, 78 तासांत माँट्रियलला पोचली आणि ऑगस्टमध्ये सुखरूप परतली. नॉर्वे स्वतः आत होता. आता कार्डिंग्टनची पाळी. आर-101 ला उचल कमी पडत होती, म्हणून तिला मधोमध कापून वायूचा आणखी एक कप्पा बसवला. वरच्या कापडाचा तुकडा कोणीतरी नॉर्वेला दाखवला, तो हातात चुरला, असं त्यानं आत्मचरित्रात लिहिलंय.

हवाई मंत्री होते लॉर्ड थॉमसन. उपाधीसुद्धा ‘कार्डिंग्टनचे’. ऑक्टोबरात लंडनला साम्राज्य परिषद, त्याच सुमाराला हिंदुस्थानातून हवेतून परतायचं, असा त्यांचा बेत. व्हाइसरॉयपदावर त्यांचा डोळा आहे अशी कुजबुजही होती. कराचीला अवाढव्य शेड आणि एअरशिप बांधून ठेवायचा मनोरा तयार होता. कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यातच, म्हणजे हा पाहुणा तसा आपल्याकडेच यायचा होता. खराब हवेत पूर्ण वेगाची चाचणी झालीच नव्हती. हवेत उडण्याची लायकी सांगणारा दाखला निघायच्या तोंडावर हातात पडला. 4 ऑक्टोबरच्या संध्याकाळी, पाऊसवाऱ्यात जहाज निघालं आणि मध्यरात्रीनंतर फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून पेटलं. 54 जणांपैकी 48 गेले, थॉमसनही.

चौकशी समितीचे अध्यक्ष कोण असावेत? सर जॉन सायमन! होय, ज्यांना आपण ‘गो बॅक’ म्हटलं होतं तेच. या बाबतीत मात्र माणूस सरळ बोलला. धोरणाचा दबाव नसता तर जहाज त्या संध्याकाळी निघालंच नसतं, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. नॉर्वेनं थॉमसनवर आणि कार्डिंग्टनवर फार कडक लिहिलंय. तो प्रतिस्पर्ध्यांपैकी होता, त्यामुळे त्याचं सगळंच प्रमाण मानू नये असं इतिहासकार म्हणतात. मीही म्हणतो, पण जरा दबक्या आवाजात. पुढं धडधाकट आर-100 सुद्धा मोडीत काढली. सांगाडा चेपून भंगारात विकला, सहाशे पौंडही आले नाहीत.

...चिठ्ठी आलीय. ‘दहा मिनिटे’. नाही, ‘दोन’ लिहिलंय. बरं.

तर दुसरी खुर्ची. एअरशिपचा धंदा बसला, नोकरी गेली. 1931 मध्ये नॉर्वे आणि डिझायनर हेसेल टिल्टमन यांनी यॉर्कला बसच्या रिकाम्या गॅरेजमध्ये ‘एअरस्पीड’ काढली. पहिलं उत्पादन एक ग्लायडर, मग ‘फेरी’ हे तीन इंजिनांचं विमान. त्यातलं एक पुढं हिमालयातल्या यात्रेकरूंच्या वाहतुकीसाठी हिंदुस्थानात आलं. त्यानंतर ‘कूरियर’. चाकं पोटात घेणारं, ब्रिटनमध्ये उत्पादनात गेलेलं अशा प्रकारचं पहिलं विमान. वजन वाढेल, बिघडेल, असं जाणते सांगत होते. नॉर्वेनं हिशेब मांडून दाखवला. 1934 मध्ये वैमानिक अ‍ॅलन कोबम हेच कूरियर घेऊन, हवेतच इंधन भरत, न थांबता हिंदुस्थानला निघाले आणि माल्टाला उतरले. का? इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलच्या जोडणीतली एक स्प्लिट पिन, म्हणजे एवढीशी अडकवायची पिन, नव्हती. महिनोन्महिने गणितं करणाऱ्याच्या विमानाची ही गत!

आता मुद्दा. कंपनी पोर्ट्समथला गेली, वाढली, तरी भांडवलाची ओढाताण सुटली नाही. भागीदारांना, बँकेला, गिऱ्हाइकाला तारखा कोण देत होतं? नॉर्वेच. थॉमसनला ज्या खुर्चीसाठी त्यानं झोडपलं तीच ही खुर्ची. फरक इतकाच, की इथं शेजारच्या खुर्चीवर टिल्टमन होता आणि त्याला ‘नाही’ म्हणता येत होतं. माझ्या मते एअरस्पीड तगली ती यामुळे. हे मला नीट उलगडून सांगायचं होतं, त्यासाठी टिपणांची चार पानं आणली होती, ती आता खिशात.

कारखाने उभे करणारी माणसं वेगळी आणि चालवणारी वेगळी, असं त्यानंच पुढं लिहिलं, आणि आपण पहिल्या जातीचे, दुसऱ्या कामाला निरुपयोगी, हेही मान्य केलं. संचालकांना ते आधीच कळलं होतं. 1938 मध्ये त्याला बाजूला व्हावं लागलं. त्याच्या कारकिर्दीतच आकाराला आलेलं ‘ऑक्सफर्ड’ हे प्रशिक्षण-विमान मग युद्धात साडेआठ हजारांवर बनलं. तोवर तो दुसऱ्याच नावानं प्रसिद्ध झाला होता.

आणि हो, 1940 मध्ये एअरस्पीड विकत घेतली ती डी हॅविलंड या विमान कंपनीनं. ऑक्सफर्डमधून बाहेर पडल्यावर हा पोरगा विमानांची आकडेमोड करायला लागला होता तो त्यांच्याकडेच. प्रश्न असतील तर चहाच्या टेबलापाशी विचारा, सायमनसाहेबांवरचे मात्र आधी घेईन.