डब्बा टीव्हीतला प्लाझ्मा

सीताबर्डीच्या गल्ल्यांत टीव्ही रिपेअरिंगची काही दुकानं अजून टिकून आहेत, मागच्या कोपऱ्यात पिक्चर ट्यूबवाले डब्बे रचलेले, आणि आपल्या या इंजिनिअरिंगच्या पोट्ट्याला घरी प्लाझ्मा ग्लोब, म्हणजे आत विजेच्या रेषा नाचणारा काचेचा गोळा, करायला त्यातला एकच पार्ट पाहिजे, ईएचटी, म्हणजे पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर.

टीव्ही आत्ताच लावून पाह्यला होता, म्हणून काका आधी ट्यूबवरची रबरी टोपी थोडी उचलतात, अर्थला जोडलेला स्क्रूड्रायव्हर आत सरकवतात... फट्! स्विच बंद केला तरी चार्ज आत बसून राहतो ना. "हे आधी शिक, बाकी मंग," काका म्हणतात. "अन् जुनाच घे, आत डायोड नसलेला." खरंय त्यांचं, आपल्याला एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट पाहिजे, डायोड तो एकाच दिशेने जाऊ देतो, त्यात तेवढी मजा नाही.

घरी मग पल्स देणारी ५५५ आयसी, त्या पल्सवर चालू-बंद होणारा एक मॉसफेट मोठ्या हीटसिंकवर, १२ व्होल्टचा सप्लाय, आणि फ्लायबॅकच्या फेराइट कोअरवर हातानेच घातलेले प्रायमरीचे, म्हणजे इनपुटच्या बाजूचे, वेढे. मे महिना आहे, नागपूर आहे, हीटसिंक तर चालू करायच्या आधीच गरम! पण कूलरपुढे बसायची सोय नाही, ओल्या हवेत हाय व्होल्टेज कुठूनही लीक होतं.

काचेचा गोळा? साधा शंभर वॉटचा बल्ब. काच पारदर्शक पाहिजे, दुधी नाही चालत. आत आरगॉन आणि थोडा नायट्रोजन आधीच भरलेला असतो, गॅस भरायची कटकटच नाही. टेस्लाने १८९४च्या पेटंटमध्ये असाच एकाच तारेवर चालणारा दिवा मांडला होता.

पोट्टा पॉट, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलायची खुंटी, हळूहळू फिरवतो, वीस-तीस किलोहर्ट्झच्या मधी कुठंतरी फिलामेंटपासून काचेपर्यंत जांभळ्या रेषा सुटतात, वळवळतात, वर सरकतात कारण तापलेला गॅस वर जातो. बोट लावलं की सगळ्या तिथंच धावतात. काच मधी असूनही करंट जातो, कारण बोट आणि आतला प्लाझ्मा, म्हणजे विजेने चमकणारा गॅस, मिळून कपॅसिटर होतो आणि एसी त्यातून आरामात पार होते. फक्त बोट एकाच जागी धरून ठेवायचं नाही, काच तिथं तापते, तडकली तर थेट हाय व्होल्टेज. आणि खिडकी उघडी ठेवा, ओझोनचा वास येतो.

आतल्या खोलीत आजीचा रेडिओ जोरात खरखरायला लागला. "काय लावलंस रे?" पोट्टा सप्लाय बंद करतो, आकाशवाणी परत येते, आता ही खरखर अडवायला या सर्किटला जाळीचा डब्बा करून अर्थ करायचं काम निघालं.